दुसरंही ओढा

"ओढू?" वायरमनने विचारलं. त्याचा हात यंत्राच्या पाठीमागच्या वायरींवर होता आणि नजर तिच्यावर. मागे अधीक्षक उभे होते, शेजारी यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा टायवाला उभा होता. त्यांच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"ओढा," ती म्हणाली.

त्याने दोन्ही वायरी एकदम खेचल्या. पंख्यांची घरघर उतरत उतरत थांबली. हिरवे दिवे विझले. टायवाल्याच्या लॅपटॉपवरचा एक चौकोन लाल झाला, दुसरा हिरवाच राहिला. दीड मिनिटाने प्रयोगशाळेचा सर्व्हर जागा झाला, मग केसपेपरचा, मग सोनोग्राफीचा. आत्तापर्यंत हे सगळे या यंत्राच्या पोटात चालत होते, आता ते मागच्या इमारतीतल्या जुळ्या यंत्रावर उठून बसले. काही हरवलं का ते तिने तपासलं. चाचणीसाठी भरलेले चार हजार खोटे रुग्ण होते, चारही हजार जागच्या जागी.

टाळ्या वाजल्या. वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण अधीक्षक वाजवत होते म्हणून त्यांनी वाजवल्या.

"बघितलंत सर?" टायवाल्याचा चेहरा लग्नातल्या फोटोसारखा झाला होता. "एकाने मान टाकली, दुसऱ्याने संसार सांभाळला. आता सतरा सर्व्हर पडोत नाहीतर सत्तर."

अधीक्षकांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. "करा बाई सही. स्वीकृतीपत्र आजच वर पाठवतो."

"करते ना साहेब. हे यंत्र परत लावते. मधल्या वेळात जे याच्याकडे आलं नाही ते भरून निघायला संध्याकाळ होईल. उद्या सकाळी मागच्या इमारतीतलं ओढू. मग करते."

"मॅडम, तेच आहे ना ते!" टायवाला हसला. "दोन्ही सारखी आहेत. आरशात डावं काय नि उजवं काय."

"आरसा असेल तर उलटंही तेच दिसेल. दुसरंही ओढा."

अधीक्षकांनी पेन परत खिशात घातलं, फॉर्म मात्र तिच्या हातात कोंबला. "शुक्रवारी उद्घाटन आहे. पाहुणे ठरलेत, फीत आलीय. उद्या दहाला काय ओढायचं ते ओढा. अकराला मला सही पाहिजे. नसेल करायची तर तसं सांगा, केसपेपरच्या खिडकीवर अजून एक खुर्ची रिकामीच आहे."

हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. अशा गोष्टी सगळ्यांसमोरच सांगायच्या असतात, नाहीतर सांगण्यात मजा काय?

रुग्णालयात तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. कागदावर ती टंकलेखक होती. नऊ वर्षं तिने फाटकाजवळच्या खोलीत, खिडकीच्या आत बसून, माणसांची नावं, वयं आणि दुखणी टाइप केली. संगणक बंद पडला की दुरुस्तीवाला तीन दिवसांनी यायचा, आणि तेवढे तीन दिवस रांग तिला शिव्या द्यायची. म्हणून एक दिवस तिने स्वतःच डबा उघडला. तिथून सुरू झालं ते थांबलं नाही. पुस्तकं वाचली, परक्या भाषेतले धडे ऐकले, न कळलेलं परत ऐकलं. सर्व्हरखोलीचा पदवीधर नोकरी सोडून गेला तेव्हा साहेब म्हणाले, "तात्पुरतं तुम्ही बघा." त्या तात्पुरत्याला सहा वर्षं झाली. काम बदललं, जबाबदारी बदलली. पद आणि पगाराला मात्र कोणी हात लावला नाही. शिकलेल्या माणसाचा मान राखायला आपल्याकडे सगळे पुढे असतात. स्वतःहून शिकलेल्या माणसाचं काय करायचं ते कोणाला ठाऊक नसतं, म्हणून त्याच्याकडून काम करून घेतात.

चौदा महिन्यांपूर्वी जुनी साठवणपेटी गेली. सगळ्या रुग्णालयाचं सगळं त्या एका पेटीत होतं. ही पेटी म्हातारी झालीय, असं तिने तीनदा लिहून दिलं होतं. एका दुपारी पेटीतली एक डिस्क गेली आणि ती बदलायच्या आत तासाभरात दुसरी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच कारखान्यातून निघालेल्या. शेवटची नक्कल अकरा दिवसांपूर्वीची होती, त्यामुळे अकरा दिवसांचा डेटा गेला. तपासण्या पुन्हा झाल्या, एक्स-रे पुन्हा निघाले, लोक ओरडले आणि विसरले.

एक माणूस विसरला नाही. त्याच्या बायकोची सोनोग्राफी त्या अकरा दिवसांतली. त्या दिवशी प्रिंटरचा कागद संपला होता. तो दारात घुटमळत होता आणि ती तिथे वायर बदलत होती. तीच त्याला म्हणाली होती, "अहो, संगणकात आहे. कुठे जातंय? सवडीने या."

मूल जन्मलं नाही. सवडीने तो आला तेव्हा त्याला तेवढं एक चित्र हवं होतं. दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंच. त्याला कोणी म्हणालं उद्या या, कोणी म्हणालं अर्ज करा. दहा दिवस तो सोनोग्राफीसमोरच्या बाकावर येऊन बसला. अकराव्या दिवशी ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "दादा, ते गेलं. आमच्या चुकीने गेलं. आता परत मिळणार नाही." त्याने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत," आणि उठून गेला.

याबद्दल तिला मेमो मिळाला. पेटीबद्दल नाही. 'रुग्णाच्या नातेवाइकास अनावश्यक माहिती दिली' याबद्दल. सही अधीक्षकांची.

त्या दिवसापासून ती कोणाला 'संगणकात आहे' असं म्हणाली नाही. प्रिंट घ्या, म्हणायची. कागद घेऊन जा.

मग नव्या साठवणीची आखणी तिच्याकडेच आली, कारण दुसरं कोणी नव्हतं. ती खातेनिहाय फिरली. सोनोग्राफी रोज किती जागा खाते, एक्स-रे किती, प्रयोगशाळा किती, पाच वर्षांनी किती खाईल. मग आकडा दुप्पट केला, कारण प्रत्येक गोष्ट दोन्ही यंत्रांवर लिहिली जाणार होती. आणि त्यावर चौथा हिस्सा रिकामा ठेवला.

"दुप्पट कशाला? आणि वर ही रिकामी जागा कशाला?" अधीक्षकांनी विचारलं होतं.

"साहेब, वॉर्डात तुम्ही दोन खाटा रिकाम्या ठेवता. का?"

"अचानक कोणी आलं तर."

"डिस्क गेली की तिच्यावरची माणसंही अचानकच येतात. त्यांना झोपवायचं कुठे?"

ते मान्य झालं होतं. डिस्क एकाच खेपेतल्या नकोत, निम्म्या वेगळ्या खेपेतल्या द्या, हेही तिने कंपनीकडून भांडून घेतलं. तेव्हा टायवाला म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही डिस्कची पत्रिका पण बघता का?" दोन इमारतींमधली केबल तिने आणि वायरमनने मिळून टाकली. चर खणताना ती म्हणाली, "दोन्ही इमारतींतून फाटकापर्यंत एकेक जास्तीची सोडून ठेवा."

"कशाला?"

"माहीत नाही. चर दुसऱ्यांदा कोण खणणार?"

वायरमनने सोडली. त्याला असली उत्तरं पटत.

तर असा तो फॉर्म पिशवीत घालून ती घरी आली. सासूबाई टेबलावर वाटाणे सोलत होत्या. नवरा दुसऱ्या पाळीला गेला होता. तीही सोलायला बसली आणि सालं भांड्यात, दाणे केरात टाकू लागली.

"अगं ए, डोकं कुठंय तुझं?" सासूबाईंनी भांडं ओढून घेतलं. "साहेब बोलला काय काही?"

"सही कर म्हणतात. नाहीतर परत खिडकीवर बस."

"मग कर. नाहीतर नको करू. त्यात दाण्यांचा काय गुन्हा?"

"आई, कशावर सही करतेय तेच मला पूर्ण कळलं नाहीये. दोन यंत्रं आहेत—"

"दोन जावा."

"बरं, दोन जावा. दोघींच्या घरी सगळं सारखं. एकीचं घर बसलं की दुसरीने सगळा कारभार चालवायचा."

"आमच्यात नव्हती हो अशी कोणी."

"ऐका तरी. समजा घर नाही बसलं, मधला रस्ताच तुटला. मग दोघींना वाटणार, पलीकडची गेली. दोघी आपापला कारभार करणार. इकडे एक लिहिलेलं, तिकडे भलतंच. मग खरं कोणतं?"

"ज्याचा आवाज मोठा त्याचं."

"म्हणून एक तिसरी ठेवतात. साक्षीदार म्हणतात तिला. तिच्याकडे सामानसुमान काही नसतं. कोण जिवंत आहे तेवढं ती बघते. तिघींत दोघी एकमेकींना दिसल्या की कारभार चालू. एकटी पडली तिने हात बांधून बसायचं. घोळ करण्यापेक्षा गप्प बरी."

सासूबाईंनी शेंग मोडली. "म्हणजे ती मी."

"तुम्हीच."

"मग ती राहते कुठे?"

"कोण?"

"तुमची तिसरी. मी तुझ्याकडे राहते. म्हणून धाकटी म्हणते, तुम्ही काय बाई, तिकडचंच बोलणार. तिचंही खरंच आहे. उद्या या घराला आग लागली तर तुझ्याबरोबर मीही जळेन. मग धाकटीला कोण सांगणार, बाई तू चालव म्हणून? बसेल ती आपली हात बांधून."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

साक्षीदाराचं काम टायवाल्याने मंगळवारी केलं होतं. ती तेव्हा चरात होती. आज ओढलं ते पुढच्या इमारतीतलं यंत्र. तो नेहमी तेच ओढून दाखवायचा.

तिने त्याला फोन लावला. "साक्षीदार कुठे बसवलाय?"

"सिस्टिममध्ये आहे ना मॅडम."

"सिस्टिममध्ये म्हणजे कुठे? कोणत्या यंत्रावर?"

"मॅडम, मी गाडी चालवतोय. उद्या बोलू ना."

"आला अंदाज," सासूबाई म्हणाल्या. त्यांना फोनमधलं काही ऐकू आलं नव्हतं, त्यांनी सुनेचं तोंड पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला सगळे मागच्या इमारतीत जमले. टायवाला घसा साफ करत होता. "सर, एक सुचवू का? उद्घाटनानंतर निवांत—"

"ओढा," ती वायरमनला म्हणाली.

वायरमनने विचारलंही नाही. दोन्ही वायरी खेचल्या.

लॅपटॉपवर एक चौकोन लाल झाला. मग दुसराही. दीड मिनिट गेलं, तीन गेली, पाच गेली. प्रयोगशाळा नाही, केसपेपर नाही, सोनोग्राफी नाही. अधीक्षकांनी पुढच्या इमारतीत फोन लावला. पलीकडून कोणी सांगितलं, की तिथलं यंत्र चालू आहे, पंखे फिरताहेत, दिवे हिरवे आहेत.

"अरे मग चालू आहे तर देत का नाही?" अधीक्षक ओरडले.

"कारण ते शहाणं आहे, साहेब," ती म्हणाली. "त्याला जुळं दिसत नाही आणि साक्षीदारही दिसत नाही. पलीकडचे मेले की आपणच तुटलोय, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून ते गप्प बसलंय. सगळं त्याच्या पोटात आहे, पण देणार नाही. कारण यांनी साक्षीदार याच यंत्राच्या पोटात ठेवला होता. हे मेलं, तोही मेला."

सगळ्यांनी टायवाल्याकडे पाहिलं. त्याने टाय सैल केला.

"तात्पुरतं ठेवलं होतं सर. वेगळा लहान संगणक पुढच्या खेपेत येणार होता. उद्घाटनानंतर हलवणारच होतो."

"तात्पुरतं!" तिचा आवाज चढला. सहा वर्षांत तो या इमारतीत पहिल्यांदा चढला. "मी सहा वर्षं तात्पुरती आहे! मला नका सांगू तात्पुरतं म्हणजे किती असतं. काल टाळ्या घेतल्यात, तेव्हा माहीत होतं ना तुम्हाला? माहीत असून माझ्यापुढे पेन धरू दिलंत. या इमारतीची वीज पावसाळ्यात किती वेळा जाते ते वायरमनला विचारा. सही माझी असती. बाकावर कोणी येऊन बसलं असतं तर त्याच्याशेजारी जाऊन मला बसायला लागलं असतं. तुम्ही येणार होतात? साहेब, तुम्ही?"

वायरमन जमिनीकडे बघत होता. अधीक्षक एका रिकाम्या खोक्यावर बसले. खोकं दबलं. ते तसेच बसून राहिले. ते वाईट नव्हते. वरच्यांना घाबरणारी माणसं खालच्यांना जेवढी वाईट वाटतात तेवढेच होते.

"तो माणूस," ते म्हणाले. "किती दिवस आला होता?"

"अकरा."

त्यांनी घड्याळ पाहिलं. अकराला अजून अर्धा तास होता. त्यांनी वर फोन लावला आणि उभं न राहता बोलले. "काम पूर्ण नाही. नाही सर, आमच्या माणसांनी चूक पकडली. फीत राहू दे." फोन ठेवून त्यांनी तिला विचारलं, "काय लागेल?"

"तिसरी जागा. या दोन्ही इमारतींची वीज गेली तरी जिची जाणार नाही अशी. आणि तिथून दोन्हीकडे जाणारी वाट. संगणक जुना चालेल, त्याला फक्त बघायचं असतं."

"फाटकाजवळची केसपेपरची खोली," वायरमन म्हणाला. "तिची वीज रस्त्यावरच्या खांबावरून येते, आपल्याशी संबंध नाही. आणि वाट..." तो पहिल्यांदा हसला. "वाट चरात पडलीय. बाईंनी सोडायला लावली होती."

फाटकाजवळच्या खोलीत, खिडकीच्या आतल्या टेबलाखाली, तिचा जुना संगणक तसाच होता. ज्याचा डबा तिने पहिल्यांदा उघडला तो. तिने धूळ पुसली, मेमरी वाढवली, डिस्क बदलली, खाली छोटी बॅटरी ठेवली. टायवाल्याने टाय काढून खिशात ठेवला आणि जमिनीवर मांडी घालून तिच्याबरोबर साक्षीदार बसवला. काम त्याला येत होतं. येत असताना केलं नव्हतं, एवढंच. दुपारी तो हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे ओढून दाखवायचं यंत्र ठरलेलं असतं. दुसरं ओढा असं आजपर्यंत कोणी म्हणालंच नाही."

"आता तुम्ही म्हणत जा," ती म्हणाली. "स्क्रू द्या तो."

मग त्यांनी दोन्ही ओढली. आज हे, उद्या ते. मधली केबलही उपटून पाहिली. प्रत्येक वेळी एका यंत्राने फाटकाकडे पाहिलं आणि कारभार चालू ठेवला. पुढच्या आठवड्यात खरे रुग्ण नव्या साठवणीवर आले, त्यानंतर आठ दिवस तिने थांबून पाहिलं. मग एका सकाळी अकरा वाजता, रांगा दारापर्यंत आलेल्या असताना, तिने मागच्या इमारतीतलं यंत्र स्वतःच्या हाताने ओढलं. सगळ्या खात्यांना आधी कळवलं होतं. खोट्या रुग्णांवर घेतलेल्या परीक्षेवर ती सही करणार नव्हती. वायरमन शेजारी उभा होता.

वीस मिनिटांनी सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो सर्व्हरबाई, तुम्ही आज काहीतरी ओढणार होतात ना? किती वाजता? म्हणजे त्या वेळेला मी पेशंट घेत नाही."

"ओढलं, मॅडम. वीस मिनिटं झाली."

"हो? मला कळलंच नाही. मध्ये दोन मिनिटं जरा अडकलं होतं, तेवढ्यात मी एकीच्या पोटावरचं जेल पुसलं."

तिने फोन ठेवला. वायरमनने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, कळलंच नाही."

वायरमनने तोंडावरून हात फिरवला. त्या दोघांना याहून मोठं बक्षीस कोणी दिलं नव्हतं आणि देणारही नव्हतं.

यंत्र परत लावून ती अधीक्षकांकडे गेली. फॉर्म तोच होता, पिशवीत राहून त्याच्या घड्या पडलेल्या. तिने सही केली. खाली पदनामाचा रकाना होता. तिथे तिने लिहिलं, टंकलेखक.

अधीक्षकांनी वाचलं. "बाई, हे... हे वर जाणार आहे."

"जाऊ दे. तेच खरं आहे."

"खोडा ना. दुसरं काहीतरी लिहा."

"खोडणार नाही, साहेब. बदलायचं तर आदेश काढा. मग नव्या फॉर्मवर नवं लिहीन."

अधीक्षकांनी फॉर्म ट्रेमध्ये टाकला नाही. तो समोर ठेवून त्यांनी घंटी वाजवली आणि कारकुनाला सांगितलं, "बाईंची सेवापुस्तिका आणा. आणि गेल्या वर्षीच्या मेमोची फाइल. दोन्ही."

त्या फायलीतून काय निघेल ते निघेल. ती बाहेर पडली.

सोनोग्राफीसमोरच्या बाकावर एक तरुण मुलगी बसली होती. एक हात पोटावर, दुसऱ्यात पर्स. आतून परिचारिका म्हणाली, "प्रिंटरचा कागद संपलाय हो. भांडारातून येईल तेव्हा." मुलगी जायला उठली आणि समोर ही दिसली, गळ्यात रुग्णालयाचं ओळखपत्र अडकवलेली.

"मॅडम, नंतर येऊन घेतलं तर चालेल ना? संगणकात राहील ना ते?"

चौदा महिने उलटून गेले होते. पुढच्या इमारतीतलं यंत्र घरघरत होतं, मागच्या इमारतीतलं त्याच्याकडून मघाचं सगळं उतरवून घेत होतं, आणि फाटकाजवळ टेबलाखालचा जुना डबा दोघांकडे बघत होता.

"राहील," ती म्हणाली.

मुलगी निघाली.

"थांबा पण पाच मिनिटं," ती म्हणाली. "बसा इथे." आणि कागदाचा रोल आणायला भांडाराकडे गेली.